घरबसल्या लोहगाव ते तोरणा: फ्लाइट सिम्युलेटर नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

सिम्युलेटर घेतला की बहुतेक जण पहिल्याच दिवशी थेट एअरबसमध्ये जाऊन बसतात आणि पुणे–दिल्ली लावतात. पस्तीस हजार फुटांवरून खाली दिसतं ते करडं धूसर काहीतरी. ऑटोपायलट विमान चालवतो आणि आपण मोबाइल चाळत बसतो. आठवड्याभरात जॉयस्टिक कपाटावर जाते.

ज्यांना देखावा पाहायचाय त्यांनी छोटं विमान घ्यावं, जमिनीपासून हजार-दीड हजार फुटांवर राहावं, वेग शंभर नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आत ठेवावा आणि ऊन तिरपं असेल अशी वेळ निवडावी. महागड्या ग्राफिक्स कार्डाने जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त या चार गोष्टींनी पडतो. पुणेकरांचं आणखी एक बरं आहे. लोहगावच्या विमानतळावरून निघून पाऊण तासात तीन धरणं आणि तीन किल्ले पाहून परत उतरता येतं.

कोणता सिम?

पैसे न घालता सुरुवात करायची तर फ्लाइटगिअर. मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, जुन्या लॅपटॉपवरही तग धरतो. लाँचरमध्ये देखावा आपोआप डाउनलोड करण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. नाहीतर लोहगावऐवजी नुसता समुद्र दिसेल. जमिनीचे चढ-उतार ठीकठाक असतात, पण जमिनीचा रंग खऱ्या छायाचित्राचा नसतो. शेत, वस्ती, जंगल असे ठरावीक पोत अंथरलेले असतात.

एक्स-प्लेन १२ मध्ये विमान हाताळायला सगळ्यात छान लागतं, हे मत वादाचं आहे पण आमचं तेच आहे. त्याचा मोफत डेमो मिळतो. विकत घेण्याआधी तो आपल्या मशीनवर चालवून पाहा. पुण्याचा भाग मात्र मुळात सपक दिसतो. ऑर्थो-फोर-एक्सपी हे मोफत साधन वापरून हवाई छायाचित्रांची फरशी बनवली की चित्र पालटतं. एक फरशी म्हणजे एक अक्षांश गुणिले एक रेखांश. पुणे, सिंहगड, तोरणा, लोणावळा, पवना हे सगळं अक्षांश १८, रेखांश ७३ या एकाच फरशीत बसतं, त्यामुळे तेवढी एकच बनवली तरी काम भागतं. झूम पातळी १६ ने सुरुवात करा. पुढची प्रत्येक पातळी जवळजवळ चौपट डेटा खाते.

नुसता देखावाच हवा असेल तर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. २०२० ची आवृत्ती डिस्कवर सुमारे १५० जीबी जागा मागते. २०२४ ची आवृत्ती ५० जीबीत बसते, कारण बाकीचं सगळं ती उडता उडता नेटवरून खेचते. तिला किमान १६ जीबी रॅम आणि १० एमबीपीएस नेट लागतं. सुखाने उडायचं तर ३२ जीबी आणि ५० एमबीपीएस धरून चाला. मोबाइल हॉटस्पॉटवर हे चालवू नका, दिवसाचा डेटा टेक-ऑफलाच संपेल. ब्रॉडबँड असला तरी त्याची महिन्याची मर्यादा आधी बघून ठेवा.

स्टीमवर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पैसे परत मिळायला १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असावं लागतं. २०२० च्या आवृत्तीचा मोठा डाउनलोड गेम सुरू असतानाच होतो आणि तो वेळ खेळण्यात मोजला जातो. रात्रभर डाउनलोड लावून झोपलात तर परतावा मागण्याची वेळ विमानात बसण्याआधीच निघून गेलेली असते.

जॉयस्टिक

कीबोर्डवर छोटं विमान उडवणं म्हणजे निव्वळ शिक्षा. एक जॉयस्टिक घ्या, जिचा दांडा गोल फिरतो, म्हणजे रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा पडदा) त्यातच येतो. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो किंवा थ्रस्टमास्टरची टी-सोळा हजार पुरेशी आहे. योक (स्टिअरिंगसारखा दांडा), पेडल, थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) यांचा वेगळा संच पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नका. हा छंद टिकतो की नाही ते आधी कळू द्या. यूएसबीची वायर आखूड पडली तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत एक्स्टेन्शन केबल मिळते. फार लांब आणि स्वस्तातली घेतलीत तर जॉयस्टिकचा संपर्क मधेच तुटतो आणि विमान आपोआप एका बाजूला झुकायला लागतं. लोक सिमला शिव्या घालतात, दोष केबलचा असतो.

जोडल्यावर सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा.

१. मृत क्षेत्र, म्हणजे डेड झोन (मध्याजवळची दांड्याची जी हालचाल सिम मोजत नाही तो भाग), ३ ते ५ टक्के ठेवा. दांडा सोडल्यावर विमान हळूहळू एकाच बाजूला वळत राहिलं तर थोडा वाढवा.

२. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे झुकवणारा) आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा) यांची संवेदनशीलता उणे ३० टक्क्यांच्या आसपास न्या. त्याने मधल्या भागात दांडा मऊ होतो. हे केलं नाही तर नाक सतत वर-खाली होत राहतं.

३. एलेव्हेटर ट्रिम वर आणि खाली अशी दोन बटणं अंगठ्याजवळ द्या. हे सर्वांत महत्त्वाचं. वरची छोटी टोपी आजूबाजूला पाहण्यासाठी ठेवा.

ट्रिम म्हणजे काय ते पहिल्याच दिवशी समजून घ्या. विमान चढवायचं असेल तर दांडा ओढून हवं ते नाक धरा, आणि तसंच धरून ट्रिमचं बटण थोडं थोडं दाबत दांडा मध्यावर येऊ द्या. दांडा मध्यावर असताना विमान आपल्या वेगाने चढत राहिलं की ट्रिम बसली. ट्रिमने विमान चालवू नका. आधी दांड्याने स्थिती पकडा, मग ट्रिमने हात मोकळा करा. हात मोकळा झाल्याशिवाय खिडकीबाहेर पाहता येत नाही, आणि आपण आलोय तर खिडकीबाहेर पाहायला.

विमान

सेसना १७२ घ्या. तिन्ही सिममध्ये ते मिळतं. पंख वर असल्याने खालचं दिसतं. पंख खाली असलेल्या विमानात नेमका किल्लाच पंखाखाली झाकला जातो. आसन थोडं वर उचला आणि कॅमेऱ्याचा झूम फार बाहेर नेऊ नका. जास्त बाहेर नेला की सगळे डोंगर बुटके दिसतात, आणि नवखे लोक म्हणतात की सह्याद्री नीट बनवलाच नाही.

१७२ एस साठी पाठ करायचे आकडे थोडेच आहेत: ५५ नॉटला नाक उचला, ७५ ते ८० ला चढा, २,२०० आरपीएमच्या आसपास ठेवून ९० नॉटने भटका, ६५ नॉटने उतरा. फ्लॅप्स (पंखांमागच्या, कमी वेगात विमान हवेत धरणाऱ्या पट्ट्या) न लावता विमान ४८ नॉटच्या खाली हवेत राहत नाही. फ्लॅप्सचा पहिला टप्पा ११० च्या खाली, पुढचे ८५ च्या खाली. इंजिन बंद पडलं तर ६८ नॉटने तरंगत या.

वेळ आणि हवा

सुरुवातीला प्रत्यक्ष हवामान बंद ठेवून निरभ्र आकाश आणि हलका वारा निवडा. वेळ ठरवताना घोळ हमखास होतो, कारण काही ठिकाणी घड्याळ झुलू वेळ, म्हणजे ग्रीनिचची जागतिक वेळ, दाखवतं आणि आपण साडेपाच तास पुढे असतो. सकाळी ८ हवे असतील तर झुलू ०२:३०. संध्याकाळी सव्वापाच म्हणजे ११:४५. दुपारी १२ टाकून लोहगावला गेलात आणि अंधार पडताना दिसला, तर कारण हेच.

महिना डिसेंबर घ्या. खालच्या फेरीसाठी सकाळी ८ बरे: ऊन आग्नेयेकडून येतं, तुम्ही नैऋत्येला जाता, त्यामुळे समोरचे डोंगर उजळलेले दिसतात. घाटाचा कडा मात्र पश्चिमेला तोंड करून आहे, सकाळी तो सावलीतच असतो. तो संध्याकाळीच पाहावा, तोही कोकणाच्या बाजूने.

ऑगस्ट निवडला तर गंमत होते. ढग पावसाळ्याचे आणि खाली डोंगर मार्चमधले, तपकिरी. जमिनीची छायाचित्रं ढग नसताना घेतलेली असतात आणि आपल्याकडे पावसाळ्यात ढग हटत नाहीत. हिरवा सह्याद्री हवा असेल तर छायाचित्रांपेक्षा फ्लाइटगिअरचे हिरवे पोत परवडले!

उन्हाळ्यात आणखी एक भानगड. लोहगाव समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे. एप्रिलच्या ४० अंशांच्या दुपारी हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ५,४०० फुटांवरून उडतोय असं वाटतं. धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो. मिक्श्चर (इंजिनातलं इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा दांडा) पूर्ण आत ठेवलं तर इंजिन आणखी दमतं. ब्रेक धरून थ्रॉटल पूर्ण द्या, मिक्श्चर हळूहळू बाहेर ओढा, आरपीएम वाढून जिथे थांबेल तिथून किंचित आत ढकला. हे नको वाटलं तर मदतीच्या सेटिंगमध्ये आपोआप मिक्श्चर चालू करा, त्यात कमीपणा काही नाही.

निघूया

विमानतळाचा कोड व्ही-ए-पी-ओ. धावपट्टी २८ निवडा आणि थेट धावपट्टीवरच इंजिन चालू असलेलं विमान घ्या. पार्किंगपासून टॅक्सी करणं पुढच्या महिन्यासाठी ठेवा. इंजिन बंद मिळालं तर मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये कंट्रोल आणि ई दाबा. फ्लाइटगिअरमध्ये विमानाच्या नावाच्या मेनूत ऑटोस्टार्ट आहे. निघण्याआधी अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारी तबकडी, १,९४० च्या आसपास दाखवतोय ना ते पाहा. मायक्रोसॉफ्टमध्ये बी दाबलं की तो जुळतो.

थ्रॉटल तीन-चार सेकंदांत पूर्ण द्या. नाक डावीकडे पळेल, कारण पंखा आणि त्याची हवा विमानाला डावीकडे ढकलतात. उजवा रडर थोडा द्या. एलेरॉनने सरळ करायला जाऊ नका, चाकं जमिनीवर असताना ते काम रडरचं आहे. ५५ ला हलकेच ओढा. ओढून धरलंत तर विमान उचलेल, वेग मरेल आणि बसेल. ७५ नॉट धरा, ट्रिम करा.

२,५०० फुटांवर डावीकडे वळून दिशा २२५ धरा. पुण्याजवळ चुंबकीय फरक जवळपास शून्य आहे, त्यामुळे नकाशावर मोजलेली दिशा आणि होकायंत्र यांत हिशेब करायची गरज नाही. खाली शहर येतं. शनिवारवाडा शोधू नका. पुण्याच्या बहुतेक इमारती संगणकाने हवाई चित्रावरून अंदाजाने उभ्या केलेल्या आहेत. पेठांतले वाडे सरसकट चौकोनी डबे होतात. नद्या, टेकड्या आणि रस्ते मात्र जागच्या जागी असतात. मुळा-मुठेचा संगम, वेताळ टेकडी, पर्वती यांवरून वाट ओळखा.

बारा सागरी मैलांवर खडकवासला. धरणाचं पाणी सुमारे १,९०० फुटांवर आहे, म्हणून साडेतीन हजारावर तुम्ही पाण्याच्या १,६०० फूट वर असता आणि खूप उंचावर आहोत असं वाटतं. डावीकडे सिंहगड त्याच वेळी तुमच्यापेक्षा ८०० फूट उंच असतो. पहिल्या आठवड्यातले निम्मे अपघात इथे होतात: लोक पाणी बघत सिंहगडाकडे वळतात. चढत राहा.

दिशा २५०, साडेनऊ मैल. खडकवासल्याच्या फुगवट्यावरून जाताना ५,५०० फुटांपर्यंत पोचा आणि आरपीएम कमी करा. पुढे पानशेत आणि वरसगावची धरणं शेजारी शेजारी दिसतात. मागे पसरलेलं पाणी डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं असतं. ते पाहायला इथे डावीकडे एक सावकाश घिरटी घाला. झुकाव २० अंशांच्या वर नको. वळताना नाक खाली पडतं, किंचित ओढून ठेवा.

मग दिशा १७५, चार-साडेचार मिनिटांत तोरणा, उंची सुमारे ४,६०० फूट. तुम्ही ५,५०० वर आहात, म्हणजे माथ्यापासून नऊशे फूट. पश्चिमेचा वारा जोराचा असेल तर पूर्वेच्या बाजूला हवा खाली दाबली जाते आणि पूर्ण थ्रॉटल देऊनही विमान उतरत राहतं. अशा वेळी कड्याला काटकोनात भिडू नका, ४५ अंशात जा, म्हणजे हात आखडला तर पटकन मागे फिरता येतं.

तोरण्याच्या झुंजार माचीचा कडा इथे कापल्यासारखा दिसत नाही, उताराचा दिसतो. भूभागाच्या उंचीचे ठिपके एकमेकांपासून पुष्कळ मीटर अंतरावर असतात आणि मधलं सगळं सिम गुळगुळीत करून टाकतो. ग्राफिक्स अल्ट्रा केल्याने हे सुधारत नाही.

राजगडाने ही भरपाई होते. तोरण्यावरून दिशा १२०, जेमतेम चार मैल. चालत गेलेल्याला राजगड एका वेळी एकच माची दाखवतो. वरून पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या बालेकिल्ल्याभोवती फुटलेल्या हातांसारख्या एकदम दिसतात. संजीवनीची लांबलचक सोंड तर सहज ओळखू येते. गड डाव्या खिडकीत ठेवून एक पूर्ण फेरी मारा. तुम्ही डाव्या आसनावर बसलेले आहात, म्हणून डावीकडूनच.

परतीला दिशा ०३०, आठ मैलांवर सिंहगड, तिथून ०३५ धरून सोळा मैल लोहगाव. सिंहगड मागे पडला की लगेच थ्रॉटल थोडा कमी करून मिनिटाला ५०० फूट उतरायला लागा. अडीच हजार फूट उतरायला पाच मिनिटं, म्हणजे सुमारे आठ मैल जातात. उशिरा सुरू केलंत तर विमानतळावर उंच आणि वेगात पोचाल. वाटेत पर्वती जवळजवळ नाकाखालून जाते.

उतरणं

३,००० फुटांवर धावपट्टीच्या दक्षिणेला, मैलभर अंतर ठेवून, दिशा १०० ला वळा. धावपट्टी डावीकडे समांतर दिसली पाहिजे. २८ चा आकडा असलेलं पूर्वेकडचं टोक डाव्या खांद्यापाशी आलं की थ्रॉटल १,५०० आरपीएमवर आणा, फ्लॅप्सचा पहिला टप्पा लावा. टोक मागे ४५ अंशांवर गेलं की डावीकडे दिशा ०१०, दुसरा टप्पा, ७० नॉट. मग डावीकडे २८०, शेवटचा टप्पा, ६५ नॉट.

इथून पुढे नाकाने वेग आणि थ्रॉटलने उंची सांभाळायची. धावपट्टीचं अलीकडचं टोक काचेत वर सरकत असेल तर तुम्ही खाली पडताय, थ्रॉटल द्या. खाली सरकत असेल तर उंच आहात. जमिनीपासून वीस फुटांवर थ्रॉटल बंद करा, नजर धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला न्या आणि विमान बसू देऊ नका असं समजून दांडा हळूहळू ओढत राहा. विमान उसळलं तर नाक खाली दाबू नका. पूर्ण थ्रॉटल देऊन पुन्हा फेरी मारा. धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे, सेसनाला तिचा एक तुकडाच पुरतो, तेव्हा सुरुवातीच्या पट्ट्यावरच टेकायचा अट्टाहास नको.

चित्र बिघडलं तर

जमीन मेणासारखी धूसर झाली तर नेट हळू आहे किंवा तुम्ही फार वेगात आहात. २०२० च्या आवृत्तीत डेटाच्या सेटिंगमध्ये रोलिंग कॅशे एसएसडीवर आणि मोठा ठेवा, म्हणजे तीच फेरी पुन्हा मारताना चित्र डिस्कवरून येतं. पुणं अचानक नुसतं हिरवं झालं आणि रस्ते गायब झाले, तर ऑनलाइन चित्रांचा पर्याय आपोआप बंद झालाय, तिथेच जाऊन चालू करा.

चित्र अडखळत असेल तर आधी कारण शोधा. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये डेव्हलपर मोड चालू करून एफपीएस दाखवलं की अडथळा प्रोसेसरचा आहे की ग्राफिक्स कार्डाचा ते लिहून येतं. प्रोसेसर असेल तर भूभागाचा तपशील १०० पर्यंत उतरवा आणि इतर विमानांची रहदारी बंद करा. ग्राफिक्स कार्ड असेल तर ढग अल्ट्रावरून हायवर आणा. छोट्या विमानाला एकसारखे ३० फ्रेम भरपूर आहेत. साठाच्या मागे लागून सगळा तपशील कमी करण्यात अर्थ नाही. लॅपटॉप चार्जरला लावलेला नसेल तर वरचं काहीही करून उपयोग नाही. आणि पुण्यात गुरुवारी लांबचा बेत आखू नका, देखभालीसाठी वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो.

पुढची फेरी

धावपट्टी २८ वरून उठून नाकासमोर २८० धरून पंचवीस मैल गेलात की पवना धरण. उत्तरेला लोहगड आणि विसापूर, दक्षिणेला तिकोना, पश्चिमेला तुंग. संध्याकाळी पाच वाजता ४,५०० फुटांवरून लोणावळा ओलांडा, जमीन एकदम पायाखालून निघून खोपोलीच्या सखल भागात जाते. दोन हजार फूट खाली उतरून मागे वळा आणि ऊन पाठीशी घेऊन कड्याच्या समांतर राजमाचीकडे जा. कडा परत ओलांडायला उंची लागते, म्हणून कड्याकडे वळण्याआधी ४,५०० गाठलेलं असू द्या. दरीत शिरून चढू असा विचार सेसनाला झेपत नाही.

२०२० च्या आवृत्तीत आयकॉन ए-फाइव्ह हे पाण्यावर उतरणारं विमान आहे. पानशेतच्या फुगवट्यावर ते छान उतरतं. पाण्यावर उतरताना चाकं वर, धावपट्टीवर उतरताना खाली. लोहगावहून निघाल्यावर चाकं वर घ्यायची राहून गेली तर पाण्याला टेकताच विमान नाकावर उलटतं, म्हणून शेवटच्या वळणावर चाकांचा दिवा एकदा मोठ्याने वाचा.